सासूबाईंच्या डोळ्याचा कल्चर रिपोर्ट आला, त्यातला ‘आर’ बघून झोप उडाली आहे

मृदुला_रामबाग | गुरुवार, रात्री ९:४८

नमस्कार. मी इंदूरची, रामबागेत राहते. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, आज लिहायची वेळ आली.

सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. गेल्या आठवड्यात मंगळवारी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बुधवारी पट्टी काढली तेव्हा खूश होत्या. शनिवारपर्यंत सगळं छान. रविवारी सकाळी चहा घेताना मला म्हणाल्या, "आज धुकं फार पडलंय का गं?" बाहेर लख्ख ऊन होतं.

डोळा थोडा लाल होता, वरची पापणी जड झाली होती. दुखतंय का विचारलं तर म्हणाल्या, "दुखत नाही, नुसतं भरल्यासारखं वाटतंय." मला वाटलं डोळे आले असतील. त्यात रविवार. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला फोन केला, त्याने एक ड्रॉप पाठवून दिला आणि दिवसभर आम्ही तोच घालत बसलो. सोमवारी सकाळी त्यांना माझी बोटं मोजता येईनात, हात हलतोय एवढंच कळत होतं. बुबुळाच्या खालच्या काठाशी पांढरी रेघ दिसत होती. तो पू होता, हे मला दवाखान्यात गेल्यावर कळलं.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या पडद्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तासाभरात आत घेतलं, डोळ्यातलं पाणी तपासायला काढलं आणि त्याच वेळी डोळ्यात दोन इंजेक्शनं दिली, व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम. आज रिपोर्ट आला. जंतू स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस. त्यापुढे अशी ओळ (‘आर’ म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही, ‘एस’ म्हणजे देतो): सेफॉक्सिटिन आर, सेफ्टाझिडिम आर, मॉक्सिफ्लॉक्सासिन आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर, अमिकासिन एस, व्हँकोमायसिन एस. आज पुन्हा इंजेक्शन दिलं, पण फक्त व्हँकोमायसिनचं.

म्हणजे सोमवारी दिलेलं दुसरं इंजेक्शन चुकीचं होतं का? ऑपरेशननंतर जो ड्रॉप चालू होता तो मॉक्सिफ्लॉक्सासिनचाच, तोही ‘आर’. मग त्याचा काहीच उपयोग नव्हता? धाकटे दीर म्हणतात, हा जंतू त्या दवाखान्यातच लागला, तक्रार करू या. मला काही सुचत नाहीये. डॉक्टरांसमोर रडूच यायला लागतं, प्रश्न विचारायचे राहून जातात. इथे कुणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

देवासकर | गुरुवार, रात्री १०:०५

ताई, धीर धरा. माझ्या वडिलांना हेच झालं होतं, दृष्टी बरीचशी परत आली. तासाभरात इंजेक्शन मिळालं ही फार मोठी गोष्ट आहे. इथे सूक्ष्मदर्शी काका आहेत, ते बघतीलच.

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, रात्री ११:३०

मृदुलाताई, मी ३१ वर्षं सरकारी मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम केलं. असे रिपोर्ट हाताने लिहिले आहेत, म्हणून सविस्तर सांगतो. आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. सेफ्टाझिडिम चुकीचं नव्हतं. सोमवारी ते दिलं नसतं तर चूक झाली असती.

सोमवारी दुपारी तुमच्या डॉक्टरांना डोळ्यात पू आहे एवढंच माहीत होतं. तो कुणाचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. जंतूंचे दोन मोठे गट असतात. ग्रॅम नावाच्या शास्त्रज्ञाच्या पद्धतीने रंग दिल्यावर जांभळे दिसणारे ग्रॅम पॉझिटिव्ह आणि गुलाबी दिसणारे ग्रॅम निगेटिव्ह. व्हँकोमायसिन जांभळ्यांना मारतं, गुलाबींना त्याचा काही त्रास होत नाही. सेफ्टाझिडिम मुख्यतः गुलाबींसाठी, त्यातही स्यूडोमोनास नावाच्या जंतूसाठी. स्यूडोमोनास असता आणि फक्त व्हँकोमायसिन दिलं असतं, तर मंगळवारपर्यंत डोळा हातचा गेला असता. म्हणून पहिल्या दिवशी दोन्ही दारं बंद करतात. रिपोर्ट आला, चोर कुठल्या दाराने आला ते कळलं, दुसऱ्या दाराचं औषध थांबवलं. आज फक्त व्हँकोमायसिन दिलं ते यामुळेच. रिपोर्ट असाच वापरायचा असतो, आणि तुमच्या डॉक्टरांनी तो तसाच वापरला.

खरं तर स्टॅफिलोकोकससाठी सेफ्टाझिडिमची चकती (जंतूंच्या प्लेटवर ठेवायचा औषधाचा छोटा गोल तुकडा) वेगळी लावायची गरजही नसते. सेफॉक्सिटिनपुढे ‘आर’ आलं, म्हणजे तो मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधाला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस. मग त्या घराण्यातली जवळपास सगळी औषधं ‘आर’च धरतात. तुम्हाला दोन वेगळे धक्के बसले, पण बातमी एकच होती.

आता जंतूविषयी. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या कातडीवर आणि पापण्यांच्या कडेला राहतो. बाहेर निरुपद्रवी. डोळ्याच्या आत मात्र रक्तवाहिन्या नसलेला जेलीसारखा काचरस असतो. तिथे त्याला अडवायला लगेच कुणी येत नाही आणि खायला भरपूर मिळतं. मोतीबिंदूनंतरच्या आतल्या संसर्गात सर्वांत जास्त वेळा हाच सापडतो. आणि सापडणाऱ्यांत सौम्य म्हणावा असाही हाच. हे तुम्हाला धीर द्यायला म्हणत नाही, आकडे तसेच आहेत.

दीरांना एक सांगा. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये अशा रुग्णांच्या डोळ्याच्या आतले जंतू आणि त्यांच्याच पापण्या, डोळ्याचं बाह्य आवरण आणि नाक यांतले जंतू जनुकीय पातळीवर ताडून बघितले. १७ पैकी १४ जणांत ते जुळले. म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यात गेलेला जंतू त्यांचा स्वतःचाच होता. एका रुग्णाला एपिडर्मिडिस झाला एवढ्यावरून दवाखान्यावर ठपका ठेवता येत नाही. त्याच दिवशी ऑपरेशन झालेल्या आणखी कुणाला त्रास झाला का, हे मात्र जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

मृदुला_रामबाग | शुक्रवार, सकाळी ७:१५

काका, काल रात्री हे ह्यांना वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी झोपलो. खूप आभार. एक राहिलं. सोमवारी काढलेल्या पाण्याचा रिपोर्ट गुरुवारी आला. इतके दिवस का लागतात? आणि इतकं थोडं पाणी काढलं होतं, त्यात चुकीचा जंतूही येऊ शकतो ना?

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, सकाळी ९:४०

फार योग्य प्रश्न. उत्तर जरा लांब होईल, कारण माझा जीव याच कामात अडकलेला आहे.

डोळ्यातून जेमतेम ०.२ ते ०.३ मिलिलिटर काचरस निघतो, चार-सहा थेंब. त्यातला एक थेंब काचपट्टीवर, त्याला ग्रॅमचा रंग. तासाभरात कळतं: द्राक्षाच्या घोसासारखे जांभळे गोळे, की माळेसारखे, की गुलाबी काड्या, की बुरशीचे धागे. बाकीचे थेंब जंतूंना वाढायला अन्न देणाऱ्या माध्यमांत, म्हणजे ब्लड अगार, चॉकलेट अगार, बुरशीसाठी सॅबुरोची प्लेट आणि हवेशिवाय वाढणाऱ्यांसाठी द्रव माध्यम यांत जातात. जंतूंच्या वसाहती, म्हणजे वाढून झालेले ठिपके, डोळ्यांना दिसायला एक दिवस लागतो. मग त्यातली एक वसाहत उचलून नव्या प्लेटवर पसरवायची, वर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवतीच्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. वर्तुळ मोठं म्हणजे ‘एस’, लहान किंवा नाहीच म्हणजे ‘आर’. व्हँकोमायसिनसाठी चकतीवर भरवसा ठेवत नाहीत, जंतू थांबवायला त्याचं किमान किती प्रमाण लागतं ते वेगळं काढतात. यात तीन दिवस जातातच. बुरशीच्या प्लेटा तर दोन आठवडे ठेवाव्या लागतात. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी हळूहळू धुमसत येणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नीस नावाचा जंतू आहे, त्याची माध्यमंही तितकेच दिवस सांभाळतात. तिसऱ्या दिवशी "काही वाढलं नाही" म्हणून प्लेट फेकली, की तो निसटला.

चुकीचा जंतू येऊ शकतो का? येऊ शकतो. एपिडर्मिडिस कातडीवरचा असल्यामुळे ही शंका प्रत्येक वेळी घ्यावीच लागते. म्हणून आम्ही बघतो, की तो एकापेक्षा जास्त माध्यमांत वाढला का, थेंब टाकला त्याच जागी दाट वाढला का, आणि पहिल्या दिवशीच्या काचपट्टीवर तोच दिसला होता का. प्लेटच्या कोपऱ्यात एकुलती एक वसाहत असेल तर ती बाहेरची धरतो. तुमच्या रिपोर्टवर स्मिअरची, म्हणजे त्या काचपट्टीची ओळ असेल, तिथे ‘ग्रॅम पॉझिटिव्ह कॉकाय (गोळे), घोसात’ असं असेल तर शंका उरत नाही.

अवांतर वाटेल, तरी सांगतो. माझ्याकडे एकदा असा नमुना आला होता. सिरिंजला सुई तशीच, कागदात गुंडाळलेली, आदल्या दिवशी काढलेली, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेली. आतला थेंब भिंतीला चिकटून सुकला होता. मीठाचं निर्जंतुक पाणी आत ओढून, धुऊन, जे मिळालं ते प्लेटवर घातलं. काही वाढलं नाही. ‘नो ग्रोथ’ लिहिताना माझा हात जड झाला होता, कारण त्या डोळ्यात पू होता हे कागदावर लिहिलेलं होतं. या कामात रिपोर्टचं निम्मं नशीब नमुना काढल्यापासूनच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरतं. थिएटरमध्येच प्लेटवर घातलेला थेंब हा सर्वांत चांगला नमुना.

नेत्रा_वडोदरा | शुक्रवार, दुपारी ३:०२

मी पडद्याची डॉक्टर आहे, माहेर इंदूरचं, लोकमान्य नगर. सूक्ष्मदर्शी काकांनी इतकं नीट सांगितलंय की मी फक्त उपचाराच्या बाजूचं घालते.

मृदुलाताई, ‘आर’ आणि ‘एस’ ठरवायच्या रेषा रक्तात औषध किती पोचतं यावरून आखलेल्या आहेत. डोळ्याचं गणित वेगळं. डोळ्यात काचरस साधारण ४ मिलिलिटर असतो. व्हँकोमायसिन आपण १ मिलिग्रॅम, ०.१ मिलिलिटरमध्ये, सरळ त्यात सोडतो. म्हणजे सुरुवातीला दर मिलिलिटरला सुमारे २५० मायक्रोग्रॅम औषध जंतूभोवती असतं. तुमच्या जंतूला साधारण १ ते ४ पुरेल. शिरेतून कितीही दिलं तरी डोळ्याच्या आतल्या पडद्याची भिंत बरंचसं अडवते, इतकं आत पोचत नाही. म्हणून सुई डोळ्यात घालावी लागते. लोक घाबरतात, "डोळ्यात इंजेक्शन?" म्हणून दिवसभर विचार करत बसतात. तो दिवस परवडत नाही.

दोन औषधं वेगवेगळ्या सिरिंजमधून देतात, हेही सांगून ठेवते, कारण एका पेशंटच्या मुलाने मला विचारलं होतं की दोनदा का टोचलं. एकाच सिरिंजमध्ये व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम मिसळलं की दुधासारखा पांढरा साका तयार होतो.

या विषयातला एक मोठा, महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतला, १९९५ साली प्रसिद्ध झालेला, ४२० रुग्णांचा. त्यात ज्यांचा जंतू सापडला त्यांपैकी ७० टक्क्यांत सासूबाईंच्याच जातकुळीतला स्टॅफिलोकोकस होता. त्या गटातल्या ८४ टक्के लोकांना पुढे २०/१०० (निरोगी डोळ्याला १०० फुटांवरून दिसतं ते २० फुटांवरून) किंवा त्याहून चांगली दृष्टी मिळाली. स्ट्रेप्टोकोकस नावाचा दुसरा जंतू असलेल्यांत हाच आकडा ३० टक्के होता. जंतू कोण यावर किती अवलंबून असतं ते बघा. त्याच अभ्यासातून हेही कळलं, की दवाखान्यात दाखल होताना फक्त उजेड कळत असेल तर तातडीने काचरस काढून टाकायचं ऑपरेशन फायद्याचं, आणि हात हललेला दिसत असेल तर पाणी काढून इंजेक्शन देणंही तितकंच चालतं. सासूबाईंना हात दिसत होता, म्हणून त्यांचं मोठं ऑपरेशन केलं नसावं. आणखी एक: चारपैकी एका रुग्णाला दुखतच नव्हतं. त्यामुळे तुम्ही रविवारी थांबलात म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. पण बाकीच्यांनी हे लक्षात ठेवा. ऑपरेशननंतर दिसणं चांगलं झालं आणि मग पुन्हा कमी व्हायला लागलं, तर दुखो न दुखो, रविवार असो, दिवाळी असो, त्याच दिवशी दाखवा. डोळे आले तर चिपडं येतील, टोचेल, पण दृष्टी अशी भराभर उतरत नाही.

आपल्याकडचं चित्र त्या अभ्यासापेक्षा वेगळं आहे, हे मात्र खरं. आपल्याकडे ग्रॅम निगेटिव्ह आणि बुरशी यांचा वाटा बराच मोठा. म्हणून तिकडचे निष्कर्ष डोळे झाकून लावता येत नाहीत.

सांवेरचा_माणूस | शुक्रवार, रात्री ८:४४

वाचतोय सगळं. आमच्या मामेभावाची गोष्ट लिहितो. ट्रॅक्टरच्या पाटाची पिन ठोकून काढत होता, छिन्नीचा बारीक कपचा उडून डोळ्यात गेला. दुपारी दोनची गोष्ट. थोडं रक्त, पाण्याने धुतलं, काम चालू. रात्री डोळा सुजून बंद, ताप, उलट्या. पहाटे इंदूरला आणलं. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचणार नाही. रिपोर्टमध्ये बॅसिलस सेरियस लिहिलं होतं. एका रात्रीत इतकं कसं होतं, हे आजपर्यंत आम्हाला कुणी सांगितलं नाही.

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, रात्री १०:२०

भाऊ, फार वाईट वाटलं. बॅसिलस सेरियस मातीत राहतो, बीजाणूच्या रूपात, वर्षानुवर्षं. कपच्याबरोबर थेट आत जातो. तो झपाट्याने वाढतो आणि विषारी द्रव्यं सोडतो, त्यांनी पडदा वितळतो. चोवीस तासांत डोळा जातो, कधी त्याहून लवकर. तो पेनिसिलिन आणि सेफ्टाझिडिमच्या घराण्यातल्या औषधांना बहुतेक वेळा दाद देत नाही, व्हँकोमायसिनला देतो. म्हणून आरपार जखम झालेल्या डोळ्यात कपचा उरला असेल तर तो काढणं आणि व्हँकोमायसिनसह इंजेक्शनं, हे त्याच रात्री व्हावं लागतं. दुपारी दोनला निघाला असता तरी वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. त्याने किंवा तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

पण माळव्यात सोयाबीन काढणीला आणि गव्हाच्या मळणीला जे डोळे जातात, त्यांची गोष्ट वेगळी, ती हळू चालते. काडी, भुसा, पान लागतं, बुबुळाला ओरखडा पडतो, आणि त्यात बुरशी बसते, बहुतेक वेळा फ्युजेरियम किंवा ॲस्परजिलस. त्यावर कुणी तरी स्टिरॉइडचा ड्रॉप देतो. लाली उतरते, माणूस खूश होतो, आणि बुरशी निवांतपणे बुबुळातून आत उतरते. आत गेल्यावर तिला गाठणं फार कठीण. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, बुरशीची औषधं वेगळी: व्होरिकोनाझोल, अँफोटेरिसिन. प्लेटवर कापसासारखी वाढ बघितली की मी आधी कागदावर व्यवसाय बघायचो. ‘शेतकरी’ लिहिलेलं असायचं.

रोहित_सुदामानगर | शनिवार, सकाळी १०:११

काका, तुम्ही म्हणता दवाखान्यावर ठपका ठेवता येत नाही. पण आपण इंदूरकर आहोत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच शहरात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एका फटक्यात ११ जणांची दृष्टी गेली, ते विसरलो का? २०१५ च्या नोव्हेंबरात बडवानीच्या मोतीबिंदू शिबिरानंतर ४० हून अधिक लोकांची दृष्टी गेली, त्यांनाही इथेच आणलं होतं. माझी आत्या त्यावेळी नर्स म्हणून ड्यूटीवर होती. ती अजून त्या म्हाताऱ्यांविषयी बोलताना थांबते. त्यांच्या पापण्यांवरचे जंतू होते का ते?

सूक्ष्मदर्शी | शनिवार, दुपारी १२:५०

रोहित, तुझा राग योग्य आहे आणि मी तुझ्याच बाजूला आहे. मी ‘एका रुग्णाच्या एपिडर्मिडिसवरून’ म्हणालो होतो. एकाच दिवशी, एकाच टेबलावर दोघांना झालं, तर तो पापण्यांचा योगायोग नाही. तिथे लगेच सगळं थांबवायचं असतं. ऑपरेशन बंद, थिएटर सील, उरलेल्या बाटल्या, औषधं, उपकरणांच्या नळ्या जशाच्या तशा ठेवायच्या. फेकायच्या नाहीत. फेकल्या की पुरावा गेला.

अशा सामूहिक संसर्गात बऱ्याचदा स्यूडोमोनास निघतो. याला पाणी प्रिय. डोळ्यात सोडायचा द्रव, मशीनच्या नळीतला ओलावा, नीट न वाळलेलं उपकरण, बेसिन, एसीतून गळणारं पाणी, अर्धी वापरून ठेवलेली औषधाची बाटली. काही निर्जंतुक करायच्या द्रवांतसुद्धा तो तग धरतो. आणि औषधांना चकवण्यात पटाईत. औषध आत येऊ देत नाही, आलेलं पंपाने बाहेर फेकतो, किंवा तोडून टाकतो. सेफ्टाझिडिमला दाद न देणारे स्यूडोमोनास आता दुर्मिळ राहिले नाहीत. ते निघाले की डॉक्टरांना इमिपेनेमसारख्या औषधांकडे जावं लागतं.

इथे अँटिबायोटिकच्या रिपोर्टचा दुसरा उपयोग, जो सहसा कुणी सांगत नाही. पाच रुग्णांच्या डोळ्यांतल्या जंतूंची ‘एस’-‘आर’ची ओळ सारखी आली, आणि सलाईनच्या बाटलीतल्या जंतूचीही तीच आली, तर ते एकाच घरचे असण्याचा संशय बळावतो. मग जनुकीय तपासणीने पक्कं करतात. २०२३ मध्ये अमेरिकेत असंच झालं. १८ राज्यांत विखुरलेल्या ८१ रुग्णांमधला स्यूडोमोनास एकच निघाला, जवळपास सगळ्या औषधांना न जुमानणारा. धागा जाऊन पोचला कृत्रिम अश्रूंच्या ड्रॉपच्या बाटलीपर्यंत, आणि ती बाटली आपल्याकडच्या, चेन्नईजवळच्या कारखान्यात भरलेली होती. १४ जणांची दृष्टी गेली, ४ जण दगावले. दूरदूरच्या प्रयोगशाळांनी आपापले जंतू सांभाळून ठेवले होते, म्हणून ते जुळवता आले. म्हणून मृदुलाताईंना म्हणालो, त्या दिवशीच्या इतर रुग्णांविषयी विचारा.

देवासकर | शनिवार, दुपारी १:३०

काका, हे छापून प्रत्येक शिबिराच्या मांडवात लावायला हवं.

सुलभा_स्नेहलतागंज | शनिवार, सायंकाळी ६:१८

माझ्या ह्यांना डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन असतं, मधुमेहामुळे पडद्यावर सूज आहे म्हणून. तिथली सिस्टर इंजेक्शनच्या वेळी कुणालाच बोलू देत नाही, ह्यांनाही नाही. मला ते फार कडक वाटायचं. आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ‘आर’ येत असेल तर ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तेच ड्रॉप का देतात?

नेत्रा_वडोदरा | शनिवार, रात्री ९:३६

सुलभाकाकू, त्या सिस्टरना माझा नमस्कार सांगा. त्यांचं अगदी बरोबर आहे. डोळ्यातल्या इंजेक्शननंतर होणाऱ्या संसर्गात स्ट्रेप्टोकोकस मोतीबिंदूनंतरच्यापेक्षा जास्त प्रमाणात सापडतो, आणि तो तोंडात, लाळेत राहतो. बोलताना तुषार उडतात. वर सांगितलेला ३० टक्क्यांचा आकडा याच जंतूचा आहे. सुई आत जायच्या त्या अर्ध्या मिनिटात गप्प राहणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं.

मॉक्सिफ्लॉक्सासिनचं असं आहे. ऑपरेशनआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन घालून दोन-तीन मिनिटं थांबणं, हा सगळ्यात भरवशाचा उपाय. तपकिरी, थोडं झोंबणारं. जंतू अँटिबायोटिकला ‘आर’ असला तरी आयोडीनने मरतो. दुसरा उपाय, ऑपरेशन संपताना मॉक्सिफ्लॉक्सासिन डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सोडणं. मदुराईच्या अरविंद संस्थेने सहा लाखांहून अधिक ऑपरेशनांचा हिशोब २०१७ मध्ये मांडला. हे औषध आत सोडायला लागल्यावर संसर्गाचं प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलं. आत सोडलेल्या औषधाची तीव्रता इतकी असते की चकतीवर ‘आर’ दिसणारे काही जंतूही मरतात. ड्रॉपचं तसं नाही. थेंब अश्रूंबरोबर वाहून जातो, काचरसात फारच कमी पोचतो. सासूबाईंना ड्रॉप चालू असताना संसर्ग झाला, यात आश्चर्य नाही.

आणि ‘आर’ कुठून येतो? औषधवाल्याकडे मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि स्टिरॉइड एकत्र असलेला ड्रॉप चहाच्या पुडीसारखा मिळतो. डोळा लाल झाला, दोन दिवस घाल, बरं वाटलं, बाटली खिडकीत ठेवून दे, पुढच्या वेळी शेजारणीला दे. पापण्यांवरच्या जंतूंनी ते औषध इतक्यांदा चाखलेलं असतं की ऑपरेशनच्या दिवशी त्यांना ते ओळखीचं असतं. मला याचा मनापासून संताप येतो, कारण पेशंटची त्यात काही चूक नसते. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

सुलभाकाकू, तुमच्या ह्यांना मधुमेह आहे म्हणून आणखी एक. ऑपरेशन नाही, जखम नाही, तरी शरीरातल्या दुसऱ्या संसर्गातून जंतू रक्तावाटे डोळ्यात येऊ शकतो. यकृतातलं गळू, लघवीचा संसर्ग, पायाची जखम. क्लेबसिएला, कँडिडा असे जंतू. तापात एकाएकी दिसायला कमी झालं तर फिजिशियनबरोबर डोळ्याच्या डॉक्टरांनाही दाखवा. तिथे शिरेतून औषध द्यावंच लागतं.

मृदुला_रामबाग | २३ दिवसांनी, रात्री ९:१०

धागा वर काढतेय, कारण तुम्ही सगळे मनात आहात.

व्हँकोमायसिनच्या दुसऱ्या इंजेक्शननंतर पू ओसरला. तिसरं लागलं नाही. आज दृष्टी तपासली, ६/२४ आहे. डॉक्टर म्हणाले काचरसात अजून गढूळपणा आहे, तो निवळेल तशी थोडी आणखी सुधारेल. सासूबाई सकाळी गच्चीवर जातात आणि समोरच्या घराच्या दाराचा रंग सांगतात. पूर्वी तो हिरवा होता, त्यांच्या मते आता निळा केलाय. खरंच निळा केलाय, माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

दीरांनी दवाखान्यात जाऊन विचारलं. त्या दिवशी आठ ऑपरेशनं झाली होती, बाकी सातही जण बरे आहेत. दवाखान्याने थिएटरमधल्या द्रवाची तपासणी करून घेतली होती, तो कागद दाखवला. काका, स्मिअरच्या ओळीत ‘घोसात’ लिहिलं होतं, मी जाऊन बघितलं. औषधवाल्याचा ड्रॉप मी कचऱ्यात टाकला, पण त्याआधी त्याच्या दुकानात जाऊन सगळं सांगून आले. तो गप्प ऐकत होता. म्हणाला, काकूंना नमस्कार सांगा.

आता डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात तीन-चार महिन्यांनी बघू, आधी पापण्या नीट करा, पापण्यांच्या मुळाशी कोंडा आहे. नेत्राताई, पापण्या रोज धुवायच्या म्हणजे नेमकं काय करायचं? घाईत विचारायचं राहिलं.

नेत्रा_वडोदरा | त्याच रात्री, १०:५५

किती बरं वाटलं वाचून! डाव्या डोळ्यापुरतं सांगते, उजव्याला तिथले डॉक्टर म्हणेपर्यंत हात लावू नका. आधी हात साबणाने धुवा. स्वच्छ सुती रुमाल सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यावर पाच मिनिटं ठेवा. गार झाला की पुन्हा गरम करा. मग डॉक्टरांनी लिहून दिलेला पापण्या पुसायचा ओला कपडा किंवा फोम घेऊन पापणीच्या केसांच्या मुळाशी, नाकाकडून कानाकडे, हलक्या हाताने पुसा. वरची पापणी एका कोपऱ्याने, खालची दुसऱ्या. तो कपडा पुन्हा वापरायचा नाही. सकाळ-संध्याकाळ. काजळ बंद. ते तीन-चार महिने संपत आले की डॉक्टरांना एकदा दाखवून कोंडा गेला का बघून घ्या, तोवर तारीख ठरवू नका.